एक थेंब, चौदा टक्के

दिवेलागणीनंतर भरते ही शाळा.
मेंढ्या दगडी वाड्यात कोंडून झाल्या
की लेसोथोच्या त्या उंच कड्यावरून पोरं उतरतात,
खांद्याला पिन लावलेली ब्लँकेटं,
गमबुटांत वितळायला लागलेलं बर्फ.

मालिनेओबाईंचा फळा
वाऱ्याने नेला गेल्या हिवाळ्यात.
फोन आहे. काच तडकलेली, चौदा टक्के उरलेला.
त्यांनी तो उताणा ठेवला,
दोन बाजूंना नाण्यांच्या चळती,
वर खिडकीच्या काचेचा तुकडा,
आणि काडीच्या टोकाने
पुढच्या कॅमेऱ्यावर सोडला पाण्याचा एक थेंब.
"श्वाससुद्धा हळू घ्या."
एक नाणं काढलं. धूसर. अजून एक.

कांद्याच्या पापुद्र्यात विटांची भिंत निघाली.
लेपेकोलाचा केस निघाला दोरखंडाएवढा,
त्याला त्याचा फार अभिमान वाटला.
लोकरीच्या धाग्याला खवले!
"म्हणजे मेंढी मासा आहे?"
बाई हसल्या, तर थेंब लवंडला.
परत पहिल्यापासून.

कातिसो मागेच उभा.
दोनशे मेंढ्या तो चेहऱ्यावरून ओळखतो,
अक्षर एकही नाही;
पाटी पुढे आली की शेकोटीत लाकडं सारतो.
आज त्याने बाहीतून काडेपेटी काढली.
आत लोकरीचा झुबका, मुळाशी खपली.
याच खपलीपायी मालक म्हणाला होता
तुझं लक्ष नसतं,
आणि वर्षाच्या मजुरीची मेंढी
दिलीच नाही.

पडद्यावर काहीतरी हललं.
पाय. एक, दोन... आठ.
पिंपासारखं पोट ओढत
ते तडकलेल्या काचेच्या रेघेपाशी आलं,
आणि नेमका तेव्हा
बाईंच्या बहिणीचा फोन वाजला.
सगळी शाळा एका सुरात कण्हली.

कातिसो हलला नाही.
"हा होय," एवढंच म्हणाला.
मग बराच वेळाने,
"याचं नाव लिहितात कसं?"

"न्ता. तीन अक्षरं."
बाईंनी त्याचं बोट धरून राखेत गिरवलं.
आठ पायांच्याला न्ता म्हणत नाहीत,
हे त्यांना ठाऊक होतं.
ते उद्या.

तेवढ्यात फोन मिटला.
अंधारातही डोकी तशीच वाकलेली,
कुणीतरी अजून पाय मोजत होतं.

सकाळी मालक कोंडवाडा उघडायला गेला,
तर फाटकावर कोळशाने,
हातभर उंच,
NTA.
पहिलं अक्षर उलटं.