दोन पावलं मागे

मंगळवारी अकराला, मोरकॅमच्या लायब्ररीच्या मागच्या खोलीत
आम्ही सात जण जमतो, आठ कॅमेरे घेऊन.
डेरेक दोन आणतो.
एक चालतो, एक त्याच्या वडिलांचा.

मी तीस वर्षं लँकेस्टरच्या इस्पितळात
काचपट्टीवरच्या पेशी मोजल्या.
आता नेमकं जिथे बघावं तिथेच
भिजल्या टीपकागदासारखा डाग.
कडा शाबूत आहेत. दाराची चौकट दिसते,
दारात उभं कोण, ते नाही.
बोलताना मी माणसांच्या कानाकडे बघते,
तेव्हा कुठे ओझरतं तोंड सापडतं.
लोकांना वाटतं, बाई शिष्ट आहे.

विनिफ्रेडला तर जन्मापासून उजेड ठाऊक नाही.
तिनेच शिकवलं:
ज्याचा फोटो काढायचा त्याला बोलतं ठेव.
हात लांब करून त्याच्या खांद्याला लाव,
मग दोन पावलं मागे ये.
उन्हाचा अंदाज गालाने घे.
तुझा डावा तापला तर समजायचं
समोरच्याचा उजवा उजळलाय.
कॅमेरा छातीशी धर. श्वास सोडलास की दाब.

ती स्वतः मात्र माणसं काढत नाही.
ओहोटीला खाडी मैलभर उघडी पडते
तेव्हा कठड्याला पोट टेकून
ती त्या मोकळ्या चिखलाचे फोटो काढते,
एकामागून एक, चाळीस, पन्नास.
म्हटलं, तिथे बोलतंय कोण?
म्हणाली, कोणीच नाही. म्हणून तर.

त्या दिवशी मी डेरेकला उभा केला.
तो हेशमच्या बसबद्दल सांगत होता,
बावीस वर्षं चालवली, शेवटी शेवटी
थांबे पाठ होते म्हणून चालवली,
हे कुणाला सांगू नकोस, म्हणाला, आणि
फोन पुटपुटला: एक चेहरा. खाली, डावीकडे.
मी जरा वळवला.
एक चेहरा. मध्यभागी.
श्वास सोडला. दाबलं.
तेवढ्यात डेरेक गप्प झालेला,
कधी, ते कळलं नाही.

फोटो मी मिरजेला पाठवते, वच्छीला.
धाकटी बहीण. आधी ती नुसतं 'छान' लिहायची,
खाली फुलांचा गुच्छ.
एकदा मी फोन लावला. म्हटलं, छान चालणार नाही.
डावीकडून सुरू कर. काय आहे, किती आहे, कुठे आहे.
चिडली. तुला दिसत नाही तर काढतेस कशाला?
मला उत्तर आलं नाही. तिकडे कुकरची शिट्टी झाली.
मग म्हणाली, बरं, थांब, चष्मा आणते.

आता दर मंगळवारी वीस मिनिटं लागतात.
आई गेल्यापासून
आम्ही इतक्या कधी बोललो नव्हतो,
आणि हेही काही बोलणं नव्हेच:
कठडा, हिरवा, रंग उडालेला.
मागे पाणी नाही, नुसतं राखाडी.
त्यात एक रेघ चमकते, ती पाण्याची असेल.
आणि माणूस? मी विचारलं.
माणूस कुठंय?
चेहरा मध्यभागी होता, वच्छे. फोनने सांगितलं.
नाही गं. वाकलाय तो. टोपी दिसते, पाठ दिसते,
आणि हात. हाताखाली कुत्रं आहे.
ओलं आहे, पायाला चिखल.
कुणाचं ते कळत नाही. दोरी नाही गळ्यात.
आणि तो त्याच्या कानामागे खाजवतोय, असं,
म्हणजे तुला दिसत नाही मी कसं करते ते,
पण असं.

कुत्र्याबद्दल डेरेक अवाक्षर बोलला नव्हता.

अजून काही?
उजव्या कोपऱ्यात तुझा अंगठा आलाय.
मोठा, धूसर. नखाला हळद आहे.
सकाळी काय केलं होतंस?
पोहे, मी म्हटलं.
शेंगदाणे घातलेस?
इथे चांगले मिळत नाहीत.

थोडा वेळ दोघी गप्प.
मिरजेत कुणीतरी जिन्यावरून बादली नेत होतं.
मग ती म्हणाली, पुढचा?