हातचे आठ

यंत्र म्हणतं, दोन हजार एकशे बारा.
एन्सिओ बाटली उजेडाकडे धरतो:
जेमतेम साडेआठशे.
चष्मा कपाळावर ढकलून पुन्हा धरतो.
पाणी पिवळसर, निमूट,
साडेआठशेच.

बाहेर ओउलूमध्ये उणे सव्वीस.
खाडी इतकी गोठलीये की तिच्यावरून मोटारी जातात.
आत, काचेच्या टाकीत, अधिक सव्वीस,
आणि निळ्या दिव्याखाली पोवळी
कुणीतरी हाक मारल्यासारखी हलतात.

यंत्र दिवसातून चारदा त्यांच्यातलं घोटभर पाणी ओढतं,
रंग फिरेपर्यंत त्यात रसायनाचे थेंब सोडतं,
क्षारता सांगतं, कॅल्शियम सांगतं,
उरलेलं थुंकतं बाटलीत,
दर खेपेला बावीस मिली.
चार वेळा बावीस, चोवीस दिवस.
हिशेब तर बरोबर आहे.
मग पाणी कुठे गेलं?

अडतीस वर्षं त्याने कागदाच्या कारखान्यात काटे वाचले,
वाफेचे, लगद्याचे, क्लोरीनचे.
काटा खोटं बोलत नाही, तो फक्त थकतो,
असं तो नव्या पोरांना सांगायचा.
म्हणून त्याने नळी बदलली. पंप उघडला, पुसला.
इंजेक्शनच्या सिरिंजने दहा खेपा मोजल्या:
दोनशे वीस. थेंब इकडचा तिकडे नाही.
स्वयंपाकघरातल्या काट्यावर बाटली ठेवली तेव्हा
तुओवी म्हणाली, त्यावर मी राईचं पीठ मोजते,
आणि काटा काढून नेला.

कंपनीचं उत्तर कॅल्गरीहून आलं.
यंत्र बाटलीकडे बघत नाही, महोदय.
त्याला तिथे डोळा नाही.
ते आपल्या खेपा मोजतं आणि बेरीज करत जातं.
बाटली रिकामी केली की बटण दाबून कळवावं,
म्हणजे ते शून्यापासून सुरू करतं.
आपण बाटली रिकामी करता का?
नाही, असं एन्सिओने कळवलं.
जाड अक्षरात.

शनिवारी स्कीचं मेण शोधायला तो तळघरात गेला.
बटाट्यांच्या पेटीमागे
ब्लूबेरीच्या सरबताच्या पाच बाटल्या,
आत सरबत नव्हतं.
प्रत्येकीवर चिठ्ठी, तारीख, खाली आकडा: २५०.
सातचा आडवा दांडा असा फक्त तुओवी काढते.
तो पायरीवर बसला. मेण विसरला.

वर ती बीट सोलत होती.
"तुझं खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा," ती म्हणाली,
"ही बया भरून वाहिली.
आईने विणलेल्या चिंध्यांच्या सतरंजीवर.
तेव्हापासून मी चार-पाच दिवसांनी थोडं काढते.
गटारात ओतायचं नाही, तूच म्हणाला होतास.
मार्चमध्ये घातक कचऱ्याची गाडी येते, तिला देणार."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे?
पंपाला विचारलंस. कॅनडाला विचारलंस."

तिचे हात मनगटापर्यंत लाल.
चाळीस वर्षं औषधाच्या दुकानात
तिने लोकांचे थेंब मोजले होते,
हे त्याला आत्ता, बिटाच्या वासात आठवलं.

तो कागद घेऊन बसला.
बाटलीत आठशे चौपन्न.
पाच बाटल्या, साडेबाराशे.
दोन हजार एकशे चार.
पेन्सिल थांबली.

"आठ कमी आहेत."

"कसले आठ?"

"मिली."

तिने सुरी खाली ठेवली, जरा विचार केला.
"दुसऱ्या बाटलीच्या वेळी सांडले थोडे. पुसले मी."

त्याने बेरजेखाली लिहिलं: हातचे आठ, तुओवी.
मग यंत्राजवळ गेला,
बटणावर बोट ठेवलं, दाबलं नाही.
टाकीत एक मासा काचेपर्यंत आला,
त्याच्याकडे पाहून परत फिरला.

"पुढच्या वेळी," तो तिच्याकडे न बघता म्हणाला,
"बाटली मी धरतो. तू ओत."

ती पुन्हा बीट सोलू लागली.
यंत्राने आतल्या आत गुरगुरून
आणखी बावीस मोजले.