नामानिराळा

न्यायाधीशबाईंनी विचारलं,
तुम्हाला माहीत होतं का?

लेउवार्डनच्या कोर्टात हीटर बिघडलेला,
सगळे कोट घालूनच बसलेले.
मी म्हणालो, मी फक्त यंत्रं थंड ठेवतो.
चार हजार डिस्क, रात्रपाळी, अठरा अंश.

मालकाचा वकील उठला, त्याचं ठरलेलं:
पोस्टमन पाकिटं फोडत नाही.
समोरच्या दाल्स्त्राबाई चष्मा पुसत म्हणाल्या,
खरंय. पण ज्याच्या पाकिटावर जास्त उड्या पडतात
त्याला पोस्ट दरमहा बक्षीस देतं का?

कुणीतरी शिंकलं.
बक्षिसांची यादी मीच काढायचो, दर एक तारखेला.

फिर्यादी येल्त्ये, वय एकाहत्तर, ॲकॉर्डियन वाजवते.
तिची आणि तिच्या गेलेल्या भावाची चौदा गाणी.
तिने एकशे बारा पत्रं धाडली,
प्रत्येकाला आमचं यंत्र नम्रपणे म्हणालं, नोंद घेतली आहे.
आणि घ्यायचोही. संध्याकाळी काढलेला दुवा
पहाटे दुसऱ्या नावाने वर यायचा,
हरळीसारखा.
मालक सायप्रसला. नामानिराळा.

एक गोष्ट कुणी विचारली नाही.
जानेवारीत एका रात्री, पंख्यांच्या घरघरीत,
मी ती फाइल ऐकली होती.
अकराव्या गाण्यात एक माणूस खोकतो,
बाई हसते,
मग दोघं पहिल्यापासून सुरू करतात.
ती हसणारी आज दुसऱ्या बाकावर,
तोंडावर रुमाल.

आमचे पाके, म्हणजे आजोबा, समुद्राच्या बांधावर राबलेले.
सांगायचे, जुन्या काळी ज्याच्या त्याच्या वाट्याला
बांधाचा तुकडा असे.
तो राखवत नसेल तर त्यात फावडं रोवायचं
आणि घरदार, जमीन सोडून चालू लागायचं.
पाणी माझं नाही, असं म्हणायची
सोय नव्हती.

होतं, मी म्हणालो.
सगळं नाही. हे होतं.
टंकलेखकाने मान वर केली,
मग लिहिलं.

निकाल लागला, मालकाने अपील केलं,
तोवर सगळ्या प्रती नष्ट करा असा हुकूम.
रात्री अडीचला मी चौदा ओळी निवडल्या,
बटण दाबलं.
पडद्यावर आलं: नक्की?

चढवताना हे यंत्र
कुणालाच
असं विचारत नाही.