ताटाची कड

इंद्रजित बेटावरनं येतो अकरा महिन्यांनी,
आणि पहिले दोन दिवस त्याच्या बुटांतनं वाळू निघत राहते.
पांढरी, पिठीसाखरेसारखी.
सासूबाईंनी चिमूटभर जिभेला लावून बघितली,
म्हणाल्या, मीठ कमी आहे.

आमची खानावळ सुतारमळ्याच्या तोंडाशी.
सहा बाकडी, दोन पंखे, त्यातला एक चालू.
तांबडा, पांढरा, सुकं.
सोमवारी पिठलं.

तो तिथं काय रांधतो ते मी फोनवर बघते :
परातीएवढी बशी,
मधोमध काड्यापेटीएवढा मासा,
त्यावर चिमट्यानं ठेवलेली तीन पानं.
"आणि उरलेली बशी?"
"ती रिकामी ठेवायचेच तर पैसे असतात," तो म्हणतो.

खोल्यासुद्धा पाण्यात, खांबांवर.
जमिनीला काच, काचेखाली मासे.
एका रात्रीचं भाडं त्यानं सांगितलं
तेव्हा मी भाकरी थापत होते,
ती हातातच तुटली.
पायाखाली पाणी असावं म्हणून
माणसं एवढं मोजतात!

आमच्या पायाखाली फुकट आलं होतं की, पुराच्या साली.
आधी पायरीला, मग गॅसच्या टाकीला,
मग बाकडी आपापली तरंगायला लागली.
माळ्यावर आम्ही सात जण,
शेजारच्यांच्या दोन शेळ्या
आणि कांदा-लसूण चटणीचा डबा.
चारी बाजूंनी पाणी, दूध कमी पडलेल्या चहाच्या रंगाचं.
त्याचा फोन लागला तेव्हा बॅटरी दोन टक्के.
"कुठं आहेस तू?"
"बेटावर," मी म्हणाले.
तो हसला नाही.
त्याच्या मागं कुठंतरी ग्लास वाजत होते,
कुणी बाई खिदळत काहीतरी मागत होती.

पंचगंगेच्या घाटावरनं सूर मारणारा हा माणूस,
तिथं सहा वर्षांत एकदाही समुद्रात उतरला नाही.
"आम्हाला बेटाची मागची बाजू," म्हणाला,
"तिथं बोट लागते, भाजी उतरते, कचरा चढतो."
भाजी येते कुठनं?
विमानानं. कोथिंबीरसुद्धा.
हे आईला सांगू नकोस, म्हणाला.

यंदा नवीनच काढलंय.
दुपारी दीडला, ऐन गर्दीत,
प्रत्येक ताटाची कड कापडानं पुसतो.
रश्श्याचा एक थेंब दिसला की ताट परत आत.
बाबासो चौगले, सकाळपासनं स्लॅबवर उभे,
बाकड्यावरनं ओरडले,
"भावा, ताट हाय का आरसा? वाढ की!"
सगळी खानावळ हसली.
तोही हसला, पण कापड खांद्यावरनं काढलं नाही.

काल रात्री अकराला शटर ओढलं
आणि मला म्हणाला, बस. आज तू गिऱ्हाईक.
स्टीलच्या ताटात, बरोबर मधोमध,
एकच नळी.
भोवती पांढऱ्या रश्श्याचे चार ठिपके,
कोथिंबिरीचं एक पान,
चिमटा नव्हता म्हणून नखानं ठेवलेलं.
दिसत होतं सुंदर, खोटं कशाला बोलू.
मग माझ्या मागं जाऊन उभा राहिला,
हात पाठीशी, ताठ.
मी नळी चोखली, ठिपके पुसून खाल्ले,
तो हलेना.
त्याचं ते उभं राहणं
माझ्या पाठीला टोचायला लागलं.
"बस की."
"कुणी जेवत असताना बसायची सवय गेली गं."

मी उठले, वगराळं घेतलं,
तांबड्यानं ताट भरलं काठोकाठ,
कडबीड सगळी लाल.
भाकरी मोडली, अर्धी त्याच्याकडं सरकवली.
बसला.
मंगळवारचं विमान आहे, ते कुणीच काढलं नाही.
भुरके मारत जेवला, नाकातनं पाणी येईस्तोवर,
आणि जेवता जेवता त्याचा अंगठा
ताटाच्या कडेवरनं फिरलाच एकदा.
मी बघितलं नाही असं केलं.