बसवणं

आठ भोकं पाडायची होती. पडली अकरा.
वाया गेलेल्या तिघांवर राग्नवाल्डनं टेप लावली,
माझ्याकडे न बघता.

लुडविका, नोव्हेंबर. साडेतीनलाच
अंधार गॅरेजपाशी येतो
आणि उधारी मागायला आल्यासारखा
दारात घुटमळतो.
मी शेजारीण. मला वेल्डिंग येतं, एवढीच माझी ओळख.

मधोमध ब्यूक, बासष्टची.
तिचं पुढचं बाक आम्ही दोघांनी उचलून बाहेर काढलं:
अख्खं, निळं, या दारापासून त्या दारापर्यंत.
खाली निघाल्या केसांच्या पिना,
पंचवीस ओरेचं नाणं,
नाचाच्या मांडवाचं अर्धं फाटलेलं तिकीट.
तिकीट त्यानं खिशात घातलं. नाणं मला दिलं.

याच बाकावर सॉल्वेग सरकत सरकत
त्याच्या खांद्याला येऊन टेकायची.
आता तिच्या खुब्यात टायटॅनियम आहे.
गेल्या मिडसमरला ती बाकात रुतली,
दोन पुतण्यांनी काखेत हात घालून ओढून काढली.
ती हसली. सगळेच हसले.
त्यानंतर ती या गाडीत बसलेली नाही.

म्हणून या सीटा. भंगारातल्या व्होल्वोच्या,
बदामी चामड्याच्या, पोटात मोटारी असलेल्या.
वर, खाली, पुढे, मागे,
पाठ वाकते, मांडी उचलते;
आपल्यापेक्षा जास्त सांधे आहेत हिला, मी म्हटलं.

घर बांधणाऱ्याला जे कळतं
ते आम्हाला चार बोल्टांत कळलं.
ब्यूकचा तळ कुठेच सपाट नाही.
सीट बसते, तर माणूस बसत नाही,
डोकं छताला लागतं.
माणूस बसतो, तर दार बसत नाही.
दार बसलं, की राग्नवाल्ड मटकन खाली बसतो
आणि म्हणतो, राहू दे.
मी नव्या पट्ट्या कापते. पुन्हा ठिणग्या.

एअरबॅगची पिवळी पिन काढण्याआधी
बॅटरी सोडवून दहा मिनिटं थांबायचं असतं.
दहा मिनिटं आम्ही थांबलो.
त्यात तो एकदाच बोलला:
"तिला सांगितलंय, ब्रेक दुरुस्त करतोय म्हणून."

मग जाड लाल वायर, तीस अँपिअरचा फ्यूज,
काळी वायर खरवडलेल्या पत्र्याला.
तो चाकामागे बसला, एक नंबरचं बटण दाबून धरलं.
सीट गुणगुणली,
आणि त्याला घेऊन पुढे निघाली, वर,
पाठ ताठ, गुडघे स्टिअरिंगला भिडेपर्यंत.
कुणीतरी बुटकं. नाकासमोर बघून चालवणारं.
दोन नंबर: मागे, खूप मागे,
जवळजवळ आडवं. कुणीतरी लांबलचक, आळशी.
तीन नंबरला सीट हललीच नाही.

"कोण असतील?" तो म्हणाला.
गाडी भंगारात का गेली,
ते आम्ही दोघांनीही विचारलं नाही.

सॉल्वेग आली ती काठी टेकत, चपला बर्फात भिजवत.
ब्रेकबद्दल एक शब्द काढला नाही.
वळसा घालून सरळ चाकाच्या बाजूला गेली,
त्याला म्हणाली, "ऊठ."
आधी सीट खाली केली, बसली, मग वर आली,
लिफ्टमधून यावी तशी, जरा मान उंच करून.
बोटानं टिकटिक करत आपली जागा शोधली,
बराच वेळ, चिकटपणे,
भाजीत मीठ बघावं तशी.

"जुनं पुसायला हवं," तो म्हणाला, "एक नि दोन."
"ते त्यांचं. असू दे," ती म्हणाली,
आणि स्वतःला तीनवर ठेवलं.

मग तो निमूट दुसऱ्या दारानं आत बसला.
दोन सीटांच्या मधे वीतभर फट;
तिनं तिथे पर्स खुपसली.
ब्यूक खोकली, निघाली,
लाल दिवे चर्चच्या वळणावर एकदा जास्तच लाल झाले.
ब्रेक ठीक होते.

मी भिंतीशी ठेवलेल्या बाकावर बसले, थर्मास उघडला.
खरंच खूप खाली जातं ते.