माप

सोडोच्या दवाखान्यामागं, पत्र्याच्या शेडमध्ये
मी खाकी कागद पसरतो.
अस्कले त्यावर पाय ठेवते. उजवा आधी.
डावा लाजतो, म्हणते.
पेन्सिल कडेकडेनं नेताना
घडीपाशी थांबावं लागतं, मग गाठीपाशी,
जुन्या शेवाळल्या दगडाभोवती मुंगी फिरते तसं.

मी बूट शिवतो, मला पेशींतलं काय कळणार.
पण सिस्टर ब्रुकताविट
बोटांच्या बेचक्या टिपता टिपता बोलते, ते कानावर पडतं:
दामोतच्या उतारावरची ही तांबडी माती
कधीकाळच्या ज्वालामुखीचं पीठ.
अनवाणी तळव्यातून आत जाते, काट्याइतकीही टोचत नाही.
आत राखणदार पेशी असतात.
त्या तिला जंतू समजून गिळतात.
पचत नाही.
मरतात. दुसऱ्या येतात, गिळतात,
हाका घालतात, आणखी येतात,
आणि परत फिरायचं कुणी नाव काढत नाही.
लसिकेच्या केसाएवढ्या वाहिन्या
त्या गर्दीत, त्या व्रणांत बुजतात.
पाणी तुंबतं.
महिन्या-दोन महिन्यांनी पाय पेटतो, हीव भरतं,
जांघेत अवधाण येतं.

गाव म्हणालं, हिच्या आज्यानं कुठंतरी माती खाल्ली,
त्याचा शाप.
दोन सोयरिकी मोडल्या. चर्चमध्ये ती मागच्या बाकावर,
बाकावर एकटी.

खाल्ली खरी माती.
तिच्याच इमानी पेशींनी, तिच्यासाठी, रोज.

हिची थोरली बहीण त्याच शेतात राबली,
तिचे पाय काठीसारखे.
मीही सोळा वर्षांचा होईतो अनवाणीच होतो.
काहींचं रक्त मातीला सोसून घेतं, सिस्टर म्हणते,
काहींचं नाही.
मी माझ्या घोट्याकडं बघतो. कशासाठी, कोण जाणे.

मागच्या खेपेचा कागद काढून नव्याखाली धरतो, उजेडाकडं.
रोज साबण, रोज पाणी, रोज पट्टी:
जुनी रेष बाहेर राहिलीय.
दोन बोटं. टाचेपाशी एकच.

अस्कले बराच वेळ दोन्ही रेषा बघते.
मग विचारते, आतले ते अजून गिळतायत का?

गिळतायत, सिस्टर म्हणते. पण बूट घातलास तर
नवीन येणार नाही त्यांच्यापुढं.

मग बसू दे त्यांना जरा, अस्कले म्हणते,
दमले असतील.

आणि डावा पाय कागदावर ठेवते.