सोसतंय का

बाणेरला, अकराव्या मजल्यावर
मी सकाळी साडेसातला पोचते.
लिफ्टच्या आरशात पदर सारखा करते,
वर गेल्यावर हात दोनदा धुते,
ऋजुताताईंच्या सासूबाई मोजतात.
ओव्याची धुरी गॅलरीत करायची,
खोलीत केली तर छतावरचं यंत्र बोंबलतं.

पाठीवर पहिला तांब्या ओतायच्या आधी
मी विचारते, "ताई, सोसतंय का?"
त्या म्हणतात, "अजून थोडं कढत चालेल."
मग मी थोडं कढत घालते.
बाळाचे आणि बाळंतिणीचे मिळून दिवसाला सातशे.

त्यांची हकिकत मला आता पाठ आहे.
कळा द्यायच्या खोलीत निळसर दिवा,
नवरा उशाशी,
आणि डॉक्टरीणबाई आत हात घालायच्या आधी दर वेळी म्हणायच्या,
"आता तपासते हं, चालेल ना?"

चालेल ना.
मी बाळाची टाळू भरत होते,
तेल कानाकडे ओघळलं, पुसून घेतलं.

मी चोवीस वर्षं आया होते.
पेठेतलं महापालिकेचं प्रसूतिगृह,
एका खाटेवर दोघी, तिसरी खाली सतरंजीवर,
सिस्टर एक, मी एक,
आणि रात्र संपता संपायची नाही.
नावं कोण विचारतं?
ए सात. ए सात, पाय फाक. ए सात, तोंड मिट.
ओरडली की सगळ्या म्हणायच्या ते मीही म्हणायचे,
"तेव्हा गोड लागलं ना?"
मग मांडीवर चापट.
चापट बसायची आणि थोड्या वेळानं मूल यायचं,
म्हणून आम्हाला वाटायचं, चापटीनंच येतं.

मुलगा झाला तर पाचशे, मुलगी झाली तर दोनशे.
घेतले. खोटं कशाला बोलू.
ओच्यात बांधून घरी नेले, लेकीची फी भरली.

एकदा नगरसेवकाची पुतणी आली.
तेव्हा खाटेभोवती हिरवा पडदा लागला.
म्हणजे पडदा होता.
स्टोअरमध्ये, कुलपात, घडी मोडलेली नव्हती.
आणि आमच्या तोंडात "अहो" पण होतं,
तेही त्याच कपाटात असणार.

ऋजुताताईंकडं भांड्यांना चंद्रकला येते.
लमाण्यांची. नवरा समोरच्याच टॉवरवर सेंट्रिंगला.
सहावा महिना होता तिला.
एक दिवस कढई घासता घासता म्हणाली,
"मावशी, मी सात."
मला कळेना.
"गणपतीत. पोरगी झाली होती. दोनशे दिले होते."
रागानं नाही म्हणाली.
कढईचा तळ काळा होता, घासत राहिली.
मी चहा पीत होते तो कप
तिलाच विसळायला द्यायचा होता.
माझा मीच विसळला.
त्यानं काय होतं म्हणा.

माघात ती पुन्हा बाळंत झाली.
कुठं, ते मी विचारलं नाही.
विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं.

रविवारी सूस रोडच्या पुढं, लेबर कॅम्पात गेले.
तीन विटा, वर रंगाचा रिकामा डबा,
डब्यात पाणी उकळत होतं,
जळण म्हणून सेंट्रिंगच्या फळ्यांचे तुकडे.
तेल मी घरून नेलं होतं, तेच, बाणेरचं.
कुठल्याशा फ्लॅटमधून उरलेल्या गुळगुळीत फरशीवर
ती पाठ करून बसली.
पाठीवर हाडं.

तांब्या उचलला
आणि सवयीनं म्हटलं,
"चंद्रकलाबाई, सोसतंय का?"

तिनं मान वळवून मागं पाहिलं.
माझ्याकडं नाही, माझ्याही मागं.
आणखी कोण बाई आली आहे म्हणून.
मागं पत्रा होता, आणि पाण्याचा निळा ड्रम.

मी पुन्हा विचारलं.
ती काहीच बोलेना.
डब्यातलं पाणी निवत गेलं,
पुन्हा जाळ करावा लागला.